नेत्रद्वारे मस्तिष्कपरीक्षा

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात एखादा डॉक्टर बोलावयास उभा राहिला की मधुमेह, रक्तदाब किंवा आहार यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा मी जाणूनबुजून थोडा आडवळणाचा विषय घेतला. कवटीच्या आत दाब वाढला असता तो डोळ्यांची सोनोग्राफी करून ओळखता येतो काय, आणि येत असेल तर त्यावर कितपत विसंबावे, हा तो विषय होय. आडवळणाचा म्हटला तरी तो घरापासून दूरचा नाही. येथे बसलेल्या बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी रोज दुचाकीवरून कामाला जातो, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाचे पुढे काय व्हावयाचे हे पुष्कळदा या एका दाबावर ठरते.

आरंभीच एक घोटाळा दूर करितो. ‘डोळ्यांचा दाब’ हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला असतो. तो दाब नेत्रगोलाच्या आतील पाण्याचा. तो वाढला म्हणजे काचबिंदू होतो. मी ज्या दाबाविषयी बोलणार आहे तो डोळ्यांतील नसून कवटीतील आहे. डोळा येथे केवळ खिडकीचे काम करितो.

आता कवटीकडे वळू. प्रौढ मनुष्याची कवटी ही चोहोंकडून बंद असलेली हाडाची पेटी आहे. तिच्यात मेंदू सुमारे १४०० मिलिलिटर, रक्त सुमारे १५०, आणि मेंदूभोवती खेळणारा पाण्यासारखा स्वच्छ द्रव साधारण तितकाच, अशी तीन वस्तूंची दाटी असते. पेटी ताणली जात नाही. म्हणून तिघांपैकी एकाने जागा वाढविली की उरलेल्यांना आकसावे लागते. हा सिद्धांत स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली मांडला, आणि आजही दोघांच्या नावांनीच तो ओळखला जातो. मार लागून आत रक्त साचले, मेंदूला सूज आली किंवा गाठ वाढू लागली, तर प्रथम द्रव खाली पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांतील रक्त बाहेर पडते आणि काही काळ निभावते. ही सवड संपली की मात्र चमचाभर रक्ताची भरसुद्धा दाब एकदम चढवावयास पुरेशी होते. रुग्ण दोन तास बरा दिसतो आणि मग अर्ध्या तासात हाताबाहेर जातो, याचे कारण हेच.

निरोगी प्रौढ मनुष्य उताणा निजला असता हा दाब पाऱ्याच्या सुमारे ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. जबर मार लागलेल्या रुग्णांत तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावा, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मार्गदर्शिकेत सांगितले आहे. वाढलेल्या दाबाची भीती का वाटावी, हे वजाबाकीने समजते. हृदय सरासरी ९० च्या दाबाने रक्त वर ढकलीत असेल आणि कवटीतील दाब १० असेल, तर मेंदूला रक्त पोचविण्यास ८० चे बळ उरते. कवटीतील दाब ४० झाला तर ते ५० वर येते, आणि मेंदूची उपासमार सुरू होते. शेवटी कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्राकडे मेंदू खाली रेटला जातो आणि श्वासाचे केंद्र चिरडते. नाडी मंद होणे, रक्तदाब चढणे, श्वास अडखळणे ही जी लक्षणत्रयी हार्वे कुशिंग यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ती उशिराची लक्षणे होत. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होणे हेही उशिराचेच. ती उमटेपर्यंत थांबावयाचे म्हणजे पाणी दाराशी येईपर्यंत घर न सोडण्यासारखे आहे.

निसर्गाने माणसाला या पेटीत डोकावण्यासाठी एक खिडकी आयुष्याच्या आरंभी दिलेली असते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आजी टाळू भरते. टाळू खोल गेलेली दिसली तर बाळाच्या अंगातील पाणी कमी झाले आहे आणि ती फुगून वर आली तर लक्षण बरे नाही, हे जाणत्या आजीच्या बोटांना कोणत्याही यंत्रावाचून कळत असे. बाळ रडत नसताना, मांडीवर बसविलेले असताना फुगलेली टाळू म्हणजे कवटीतील वाढलेला दाब, असेच आमची पुस्तकेही सांगतात. साधारणपणे दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरून येते. त्यानंतर आत काय चालले आहे हे बाहेरून बोटाने कळावयाचा मार्ग राहत नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांतील वैद्यकाची या बाबतीतली खटपट ही एका अर्थाने त्या मिटलेल्या टाळूला पर्याय शोधण्याची खटपट आहे.

पहिला पर्याय डोळ्यांतूनच मिळाला. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्यांचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेविले, आणि १८६० साली फॉन ग्रेफे यांनी मेंदूच्या विकारांत दृष्टीच्या नसेचे टोक सुजलेले दिसते हे दाखवून दिले. हे चिन्ह आजही मोलाचे आहे. परंतु ते उमटावयास बहुधा काही तास, पुष्कळदा काही दिवस लागतात. अपघाताच्या रात्री त्याचा उपयोग थोडा. पुढे १८९१ साली क्विंके यांनी कमरेतून सुई घालून द्रवाचा दाब मोजण्याची रीत रूढ केली. पण आत मोठी गाठ किंवा रक्ताचा गोळा असताना खालून द्रव काढला तर वरचा मेंदू खाली घसरण्याचा धोका असतो. १९६० साली स्वीडनमधील निल्स लुंडबर्ग यांनी कवटीला छिद्र पाडून, मेंदूतील पोकळीत नळी ठेवून दाबाची अखंड नोंद घेतलेले आपले प्रदीर्घ काम प्रसिद्ध केले. बिनचूक मोजमाप ते हेच. त्याला मात्र मेंदूचा शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह आणि चोवीस तासांची देखरेख लागते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचे भय असते ते निराळेच. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे सी. टी. स्कॅन झाले आणि कवटीच्या आतील चित्र दिसू लागले. ते चित्र अमूल्य आहे. पण ते एका क्षणाचे असते, आणि त्यासाठी रुग्णाला यंत्रापर्यंत न्यावे लागते. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयातून ते अंतर किती पडते, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे.

आता मुख्य विषय. आपण जिला डोळ्याची नस म्हणतो ती खऱ्या अर्थाने नस नव्हेच. गर्भावस्थेत मेंदूचाच एक भाग पुढे वाढून ती तयार होते. म्हणून मेंदूभोवती जी तीन आवरणे असतात, तीच तिच्याभोवतीही असतात. आवरणांमधील द्रवसुद्धा मेंदूभोवतीच्या द्रवाशी सलग असतो, आणि नेत्रगोलाच्या पाठीशी येऊन ही पोकळी बंद होते. एखादी गल्ली भिंतीशी संपावी तशी. कवटीतील दाब चढला की द्रव या गल्लीत घुसतो. गोलाच्या लगेच मागे बाहेरचे आवरण सैल असल्यामुळे तेथे ते फुगते, आणि फुगावयास दिवस लागत नाहीत. नसेचे टोक सुजण्याच्या कितीतरी आधी हा फुगवटा दिसतो. जर्मनीतील हान्सेन आणि हेल्मके यांनी १९९० नंतरच्या दशकात या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. काही रुग्णांच्या तपासणीत कमरेतून द्रव सोडून दाब वाढवीत न्यावयाचा असतोच. तो वाढत असताना त्यांनी डोळ्यांमागील आवरण सोनोग्राफीने पाहिले, तेव्हा दाबाबरोबर ते रुंदावत गेलेले त्यांना दिसले. हे निरीक्षण १९९७ साली प्रसिद्ध झाले.

डोळ्यांवर ध्वनिलहरींचा प्रयोग त्याहून जुना आहे. १९५६ आणि १९५८ साली अमेरिकेत त्याचे पहिले प्रयत्न झाले. नेत्रगोल पाण्याने भरलेला असल्यामुळे या लहरी त्यातून निर्वेध जातात. रीत साधी आहे. रुग्णाला उताणे निजवून, डोळे मिटवून, पापणीवर पुरेसा जेल घालतात. नेहमीच्या सोनोग्राफी यंत्राचा सरळ, उथळ भाग दाखविणारा प्रोब त्या जेलवर अलगद टेकवितात. पापणीवर भार पडू नये म्हणून करंगळीकडील हात कपाळावर किंवा गालावर विसावलेला असतो. पडद्यावर काळे वर्तुळ उमटते, तो नेत्रगोल. त्याच्या मागे जाणारा गडद पट्टा म्हणजे दृष्टीची नस व तिचे आवरण. गोलाच्या मागील कडेपासून ३ मिलिमीटर मागे जाऊन त्या ठिकाणी आवरणाची रुंदी मोजावयाची. प्रत्येक डोळ्याची मापे आडवी व उभी घेऊन सरासरी काढतात. सरावलेल्या हाताला पाचएक मिनिटे पुरतात. नेत्रगोल फुटला असल्याची शंका असेल तर मात्र ही तपासणी करावयाची नाही, हा नियम कडक आहे.

आकडा किती? ढोबळ मानाने ५ मिलिमीटर. त्याहून रुंद आवरण संशयास्पद. २०१९ साली ७१ अभ्यासांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून एक संकलन प्रसिद्ध झाले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत, दाब खरोखर वाढलेला असता या परीक्षेने शंभरातील ९७ ओळखले, आणि दाब वाढलेला नसता शंभरातील ८६ जणांना तो नाही असे सांगितले, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडे उत्तम आहेत. तरी दुसऱ्या आकड्याची बाजू उलटून पाहा: दाब नसलेल्या शंभरांपैकी १४ जणांविषयी ही परीक्षा विनाकारण घाबरवील.

माझ्या मते या परीक्षेची खरी अडचण मापाच्या सूक्ष्मतेत आहे. सगळे माप ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे. निरोगी आणि संशयित यांच्यातील फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या नखाच्या जाडीएवढा. प्रोब किंचित तिरपा झाला किंवा आवरणाची आतली कड धरावयाची की बाहेरची याविषयी गोंधळ झाला, की निकाल बदलला. निरनिराळ्या अभ्यासांत सीमारेषा ५ च्या अलीकडे पलीकडे सरकलेली आढळते, तिचे एक कारण हेच. नसेला दाह झाला असेल तर आवरण दुसऱ्याच कारणाने रुंद दिसते. आणि दीर्घकाळ ताणलेले आवरण दाब उतरल्यावर लगेच पूर्ववत होईलच असे नाही. शिवाय ही परीक्षा दाब २५ आहे की ३५ हे सांगत नाही. ती एवढेच म्हणते, ‘येथे काहीतरी आहे, घाई करा’. म्हणून एकदाच घेतलेल्या मापापेक्षा त्याच हाताने तासातासाने घेतलेली मापे अधिक बोलकी असतात. सकाळी ४.६ असलेले माप दुपारी ५.४ झाले, तर पुस्तकातील सीमारेषेचा वाद बाजूला ठेवून हालचाल करावी.

कवटीत नळी घालणे जेथे धोक्याचे तेथे या रीतीची विशेष मदत होते. यकृत निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त गोठत नसते. त्याच्या कवटीला छिद्र पाडावयाचे धैर्य कोण करील? गरोदरपणी रक्तदाब चढलेल्या स्त्रियांतही हे आवरण रुंदावलेले आढळले आहे. अंतराळस्थानकात महिनोन् महिने राहिलेल्या काही अंतराळवीरांच्या दृष्टीत फरक पडतो, असे २०११ साली सात जणांच्या अभ्यासातून पुढे आले. त्यांच्या डोळ्यांची पाहणी अंतराळात सोनोग्राफीनेही केली जाते. त्यांच्यात घडते ते नेमके काय, याविषयी मतभेद आहेत. पण इतक्या दूरवरही हे यंत्र पोचते, एवढे त्यावरून दिसते.

मोजमापावर फार भाळूही नये. बोलिव्हिया व इक्वेडोर या देशांत ३२४ जबर जखमी रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर कवटीतील दाब प्रत्यक्ष मोजून उपचार केले, निम्म्यांवर तपासणी आणि स्कॅन यांच्या आधाराने. दाब मोजलेल्यांचा निकाल सरस ठरला नाही. यावरून दाब क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. दोन्ही गटांवर अतिदक्षता विभागात डोळ्यांत तेल घालून उपचार झाले होते. माझा निष्कर्ष इतकाच की आकड्याने हालचाल घडली तरच त्याला किंमत. आणि आपल्या परिस्थितीत ती हालचाल एकच: मध्यरात्री तालुक्याच्या रुग्णालयात, रुग्णाला आत्ताच शल्यविशारदाकडे धाडावयाचे की सकाळपर्यंत थांबावयाचे, हा निर्णय. स्कॅन दूर आहे, रुग्ण बेशुद्ध आहे, बाहेर नातेवाईक ‘इतक्या रात्री हलविणे खरेच जरूर आहे काय?’ म्हणून विचारीत आहेत. अशा वेळी पाच मिनिटांत मिळालेले माप डॉक्टरांच्या हाताला बळ देते. माप निरोगी आले तरी लक्षणे वाईट असतील तर धाडावयाचेच. माप वाईट आले तर थांबण्याचा प्रश्नच नाही.

येथे कोणी विचारील की यंत्र इतके सुटसुटीत असताना ते प्रत्येक रुग्णवाहिकेत का दिसत नाही? या प्रश्नाचे उत्तर ज्ञातीच्या सभेतच द्यावयास हवे, कारण ते डॉक्टरांइतकेच कुटुंबांकडेही बोट दाखविते. हेच यंत्र पोटातील मुलगी ओळखण्यासाठी वापरले गेले. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात प्रथम, गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व १९९६ पासून अमलात आला. २००३ साली तो अधिक कडक झाला. प्रत्येक यंत्राची नोंद सक्तीची झाली, आणि २०१२ साली केलेल्या नियमानुसार हलवावयाजोगे यंत्र ज्या रुग्णालयात नोंदले असेल तेथील दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर वैद्यकीय सेवा देणाऱ्या फिरत्या पथकातच वापरता येते. एवढे होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ आणि २०११ मध्ये ९०० च्याही खाली आल्या. माझे काही व्यवसायबंधू या कायद्याच्या जाचाविषयी तक्रार करितात. फॉर्म आणि नोंदवह्यांचा त्रास खरा आहे. परंतु सोन्याची पेटी घरच्यांनीच फोडली असता कुलपाला दोष देण्यात अर्थ नाही. अपघाती मुलाच्या उशाशी हे यंत्र सहज आणता येत नसेल, तर त्याची अडचण कोणत्या घरांनी निर्माण केली हे आपण जाणतो, आणि ‘आमच्या ज्ञातीत असे होत नाही’ हे वाक्य मी पुष्कळ ज्ञातींच्या व्यासपीठांवर ऐकले आहे.

कायदा जसा आहे तसा ठेवूनही मार्ग आहे. यंत्र रुग्णालयात रीतसर नोंदलेले असते. उणीव असते ती रात्रीच्या पाळीत ते योग्य रीतीने हाताळणाऱ्या, कायद्याने पात्र अशा डॉक्टरांची. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले पदवीनंतर बहुतेक शहरातच राहतात. त्यांच्यापैकी जी दोन-तीन वर्षे तालुक्याच्या ठिकाणी काम करावयास तयार होतील, त्यांच्या तातडीच्या सोनोग्राफीच्या शिक्षणाचा खर्च निधीने उचलावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेविली आहे.

घरोघरी लक्षात ठेवावयाचे ते थोडक्यात सांगतो. डोके आपटल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, पुनःपुन्हा उलटी, पेंगुळणे, असंबद्ध बोलणे, झटका, एका बाजूची अशक्तता, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. ‘शुद्धीवर आला, बोलला, चहा प्याला’ म्हणून निश्चिंत होऊ नये. कवटी आणि बाहेरच्या आवरणामध्ये रक्त साचते तेव्हा असा फसवा बरा काळ मध्ये येऊ शकतो. दुचाकीवर शिरस्त्राण घालणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. ते हँडलला अडकविण्यासाठी नाही, एवढेच त्याविषयी.

व्याख्यानानंतर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे चिटणीसांच्या आग्रहावरून येथे जोडीत आहे.

एका गृहस्थांनी विचारले, वरचेवर डोके दुखते, तर सोनोग्राफी केंद्रात जाऊन डोळ्यांचे हे माप घेऊन यावे काय? घेऊ नये. बहुतेक डोकेदुखीचा कवटीतील दाबाशी संबंध नसतो, आणि वर सांगितलेल्या चुकीच्या होकाराने नाहक धास्ती लागेल. पहाटे उठताच दुखणारे, उलटी होणारे, दृष्टी क्षणभर अंधारणारे डोके असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. काय तपासावयाचे ते तेच ठरवितील.

एका भगिनींनी विचारले, या लहरींनी डोळ्याला इजा होत नाही ना? डोळ्यांसाठी यंत्राची शक्ती पोटाच्या तपासणीपेक्षा पुष्कळ कमी ठेवावयाची असते, तशी मर्यादा घालून दिलेली आहे, आणि पाहणी शक्य तितक्या थोड्या वेळात संपवावयाची असते. ही काळजी घेतली तर भिण्याचे कारण नाही. जेल मात्र डोळ्यांत जाऊन चुरचुरतो. म्हणून पापणीवर आधी पातळ पारदर्शक पट्टी लावून घेतात, आणि नंतर ओल्या कापसाने पापणी पुसावी.